‘वय झालं’ म्हणण्याआधी

चष्मा कुठे ठेवला, हे कुणीही विसरतं. पण परवा मावशीने कुकरमध्ये डाळ-तांदूळ घातले आणि शिट्टी हातात धरून मला विचारलं, “ही कुठे बसवायची गं?” उभा जन्म त्याच ओट्यापाशी गेलेली बाई! हल्ली सुटे पैसे मोजतानाही तिची धांदल उडते. एकच प्रश्न ती दहा मिनिटांत पुन्हा विचारते आणि आधी विचारल्याचं तिच्या गावीही नसतं.

घरचे म्हणतात, “वय झालं आता.” मला ते पटत नाही. वयामुळे नाव आठवायला वेळ लागतो, पण हातात बसलेली कामं अशी सुटत नाहीत. आणि स्मृती हरवण्याचा आजार फक्त म्हातारपणीच होतो असंही नाही: १९०६ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी अशा आजाराच्या ज्या रुग्ण बाईविषयी मांडणी केली, ती दवाखान्यात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

शिवाय थायरॉइडचा बिघाड, ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही असा विसराळूपणा येऊ शकतो आणि उपचारांनी तो बरेचदा सुधारतो. म्हणून घरातलं मोठं माणूस रोजच्या कामात अडखळू लागलं, तर त्याच्यावर चिडू नका, चारचौघांत त्याची परीक्षा घेऊ नका. काय काय बदललंय ते तारखेसह लिहून ठेवा आणि वेळेत डॉक्टरांना दाखवा.