नळाचे पाणी आणि नातीचे मासे

सुरंगीत आमच्याकडे नळ सुटला की पाण्याच्या आधी वास पोचतो. ब्लीचिंग पावडरचा तो वास माणसांना दिलासा देणारा. पावसाळ्यात दमणगंगा गढूळ होते, उलट्या-जुलाबांचे दिवस येतात. तेव्हा वास जरा उग्र झाला तरी कुणी कुरकुरत नाही. सरकारी मानकाप्रमाणे घरी पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. पण जंतूंना आवरणारा हाच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. ज्या नळावर आमची नात वाढली, त्याचेच पाणी तिच्या सोनमाशांना विष!

नात आता आईवडिलांबरोबर पुण्याला असते. जाताना शंभर लिटरची काचेची पेटी आणि चार मासे आमच्या हवाली करून गेली. रविवारी फोनवर पहिला प्रश्न आजीआजोबांच्या प्रकृतीचा नसतो, हे सांगायला नकोच. सोनमासा दिसायला राजस, पण घाण फार करतो. आठवड्याला निम्मे पाणी तरी बदलावे लागते. बादल्या रात्रभर उघड्या ठेवल्या की क्लोरीन बराचसा उडून जातो, ही जुनी रीत. पण माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी बादलीला हात लावू नका म्हणून बजावले, आणि सौ.चे गुडघे त्याआधीच संपावर. मासे देऊन टाकावेत असे दोनदा ठरले. नातीला सांगायचे कुणी, तिथे अडले.

मार्ग दाखवला सेलवासच्या एका गुजराती फोटोवाल्यांनी. त्यांची डार्करूम केव्हाच बंद झाली, पण एक बरणी शिल्लक होती. म्हणाले, "दादा, एमां जरा हायपो नाखो, माछली जीवशे." हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार तो विरघळवतो हे जॉन हर्शेलने 1819 साली दाखवले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांचे लग्नाचे फोटो त्यानेच पक्के केले. क्लोरीनशी गाठ पडताच तो त्याचे मीठ करून टाकतो. हिशेब सोपा: एक भाग क्लोरीनला सात भाग हायपो. लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर पन्नास लिटरच्या ड्रमाला 700 मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅमही नाही. मी थोडा जास्तच टाकतो.

ड्रम उंच तिवईवर. नळाला लांब नळी लावून तो भरायचा, उचलणे नाही. ड्रमातून पेटीत सलाईनची नळी सोडली आहे, मेडिकलमधून नवी आणलेली. मिनिटाला सात मिलिलिटर, म्हणजे साधारण 140 थेंब. दिवसाकाठी दहा लिटर. पेटीच्या काठाशी भोक पाडून बसवलेल्या नळीतून जादा पाणी आपोआप बाहेर. वीज गेली तरी थेंब थांबत नाहीत, हे आमच्याकडे महत्त्वाचे.

पुरवठ्याच्या पाण्याचा क्लोरीन तपासतात ते ऑर्थोटोलिडीन मीही आणून ठेवले आहे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. यंदा भाद्रपदात एकदा हायपो टाकूनही पिवळेपणा आला. लगेच चिमटा आवळला, हायपो वाढवला, ढवळले, पुन्हा थेंब टाकले. पाणी नितळ राहिले तेव्हाच चिमटा सैल केला.

बाहेर पडणारे पाणी जास्वंदीच्या आळ्यात जाते. मासे अजून चारच्या चार आहेत. त्यातल्या शेपूट तुटक्याला नात दिवाळीत पुण्याला न्यायचे म्हणते आहे. तिथल्या नळाला कसला वास येतो, ते आधी विचारले पाहिजे.