‘मले’ खोडू का, मामा?

स्टेजवर उभं राहून तुमची कधी बोबडी वळली आहे का? माझी वळली होती. मी सहावीत होतो. रोहिणखेडहून एसटीने बाहेरगावी वक्तृत्व स्पर्धेला गेलो होतो. ‘अध्यक्ष महोदय’पर्यंत गाडी ठीक चालली. मग तोंडून निघून गेलं, “मले असं वाटते...” सारी मुलं खो खो हसली. पुढचं भाषण घशातच अडकलं. त्यानंतर मी कुठल्याच स्पर्धेत नाव दिलं नाही.

हे सगळं आठवलं ते माझ्या भाचीमुळे. तिला गॅदरिंगमध्ये रॅप करायचा होता. रॅप म्हणजे ठेक्यावर, यमकं जुळवत, मनातलं धडाधड बोलणं. वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “मामा, हे ‘मले’ खोडू का? ‘मला’ लिहू?”

मी तिला एक गोष्ट सांगितली. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत हिप-हॉप संगीत सुरू झालं. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडची मुलंही रॅप करू लागली. पण त्यांचे हेल वेगळे. शहरी मंडळी त्यांना गावंढळ समजत. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या जोडीला बक्षीस मिळालं, तेव्हा लोकांनी चक्क हुर्यो उडवली! पण ती जोडी गप्प बसली नाही. आमच्या दक्षिणेलाही काही सांगायचं आहे, असं त्यांच्यातल्या आंद्रेने तिथेच ठणकावलं.

त्याच दक्षिणेतल्या व्हर्जिनियाची मिसी इलियट. १९९४ मध्ये तिच्या गटाचा पहिला अल्बम तयार होऊनही कंपनीने बाजारात आणलाच नाही. तिने दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली आणि १९९७ मध्ये स्वतःचा अल्बम काढला. २०२३ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा मान मिळवणारी ती पहिली रॅपर स्त्री ठरली.

“पण ते अमेरिकेत, मामा!”

“अगं, आपली अमरावती काय अमेरिकेत आहे?” अमरावतीची आर्या जाधव, रॅपमधलं तिचं नाव ‘क्यूके’. २०२२ मध्ये ‘एमटीव्ही हसल’ या हिंदी कार्यक्रमात ती उतरली आणि तिथे तिने मराठीतून रॅप केला. २०२४ मध्ये ती ‘बिग बॉस मराठी’तही दिसली. आणि आमची आजी? जात्याच्या घरघरीवर ओव्या रचायची, त्याही ‘मले’ अन् ‘तुले’ म्हणतच. तिला कोणी हसलं नाही.

परीक्षेच्या पेपरात ‘मला’च लिही, असं मात्र मी भाचीला बजावलं. तिने मान डोलावली, पण वहीतलं ‘मले’ तसंच राहिलं.

गॅदरिंगच्या रात्री तिचा फोन आला. मी भीत भीत विचारलं, “कोणी हसलं का गं?”

“हसले ना, मामा! मंग मी जराशी थांबली. अन् पुन्हा पयल्यापासून सुरू केलं.”

मला हे सहावीत सुचलं असतं तर!