पाठीवरचे ओझे

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट आपले सामान आपणच वाहून चालावयाचे आम्ही गतवर्षी ठरविले. आधी सॅक घेतली, मग ती भरली. चूक तेथेच झाली. रिकामीच अडीच किलोची ती सॅक दिवे घाटाच्या चढावर खांद्यांत रुतली. यंदा क्रम उलटा केला. वकिली बाण्याने प्रत्येक वस्तूची उलटतपासणी घेतली, उरलेले सामान तोलले आणि मगच कमरपट्ट्याने भार कमरेवर घेणारी, पाऊण किलोची सॅक निवडली. कैलासवासी तीर्थरूपांच्या नित्यपाठातील जाडजूड ज्ञानेश्वरी मात्र काट्यावर ठेवण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. दुसरा सदरा काढला, पोथी ठेवली. या निकालावर अपील नाही.