सांत्वनाचे पत्र

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले की पहिल्या आठवड्यात दूधवाला मिळतो, दुसऱ्यात मुलांची शाळा ठरते; पण वाद घालण्याजोगा माणूस मिळायला कधीकधी सारी कारकीर्द पुरत नाही. २०१२ साली आमची शिलाँगला बदली झाली तेव्हा या बाबतीत दैव आम्हांला अनुकूल होते. (दैवावर आमचा विश्वास नाही; भाषेचा आहे, त्याला आमचा इलाज नाही.) शेजारच्या घरात आमच्याच कचेरीतले एक खासी गृहस्थ राहत. प्रेस्बिटेरियन पंथाचे, रविवारी चर्चमधील समूहगायनात खर्जाचा सूर लावणारे. तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना 'बाह' म्हणू लागलो. बाह म्हणजे आपले दादा. तेही आम्हांला बाहच म्हणत, त्यामुळे दोघांत वडील कोण हा प्रश्न शेवटपर्यंत अनिर्णीत राहिला.

आम्ही आगरकरांच्या निबंधांवर वाढलेले. बुद्धीला पटत नाही ते मानायचे नाही, हे बाळकडू आजोबांनी पाजलेले. बाहांच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म चार पिढ्यांचा. १८४१ साली टॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी चेरापुंजीला आला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत बसवली. बाह एकदा म्हणाले, "तुमच्या भाषेला लिपी आधीपासून होती, म्हणून शंका घेणे तुम्हांला परवडते. मला अक्षर आणि बायबल एकाच हाताने मिळाले." यावर आम्हांला त्या दिवशी उत्तर सुचले नाही, खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

बाहेर पाऊस, पुढ्यात बिनदुधाचा लाल चहा आणि क्वाय, म्हणजे ओली सुपारी, विड्याचे पान आणि चुना. अशा संध्याकाळी आम्ही दोघांनी एक नियम केला होता. दुसऱ्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे आणि मगच खोडायचे. या नियमाने वाद निम्मे झाले आणि उरलेले निम्मे फार कठीण झाले.

२०१४ च्या पावसाळ्यात बाहांचा धाकटा मुलगा तापाने गेला. वय एकोणीस. आम्ही त्या वेळी सरकारी कामासाठी दिल्लीत होतो. तेथून आम्ही पत्र लिहिले. तो परमेश्वराच्या सान्निध्यात सुखी आहे, तुमची त्याची भेट निश्चित आहे, अशी त्यात वाक्ये होती. त्यातल्या एकावरही आमचा विश्वास नव्हता. पण दुःखात बुडालेल्या माणसापुढे आपल्या शंकांचे गाठोडे कशाला सोडायचे, असा आम्ही विचार केला आणि स्वतःच्या सौजन्यावर थोडे खूशही झालो.

परतल्यावर काही दिवसांनी बाह म्हणाले, "पत्र चांगले होते. पण ते तुमचे नव्हते. दोन वर्षे तुम्ही माझ्याशी खरे बोललात. मुलगा गेला म्हणून मी स्वतःच लहान मूल झालो, असे तुम्हांला वाटले का?"

त्यानंतर संध्याकाळचा चहा होत राहिला, पण बोलणे पगारवाढीच्या आणि पावसाच्या पलीकडे जाईना.

त्या हिवाळ्यात टॉमस हक्स्लेचे, त्याच्या मुलाने १९०० साली प्रसिद्ध केलेले चरित्र आम्ही वाचायला घेतले. १८६० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्सशी झालेल्या खटक्यामुळे हक्स्ले सर्वांना ठाऊक असतो. आम्हांलाही तेवढाच ठाऊक होता. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट तापाने अचानक दगावला. चार वर्षेही पुरी झालेली नव्हती. तेव्हा चार्ल्स किंग्स्ली या धर्मोपदेशकाने त्याला सांत्वनाचे पत्र लिहिले आणि त्यात आत्म्याच्या अमरत्वावरील आपली श्रद्धा उघडपणे मांडली. हा किंग्स्ली डार्विनच्या ग्रंथाचे स्वागत करणारा, पण अंतर्बाह्य ख्रिस्ती.

हक्स्लेने उत्तर पाठवले ते २३ सप्टेंबरला, मुलाला पुरून जेमतेम आठवडा झालेला असताना. आभाराच्या दोन ओळींत त्याचे भागले असते. त्याने अनेक पानांचे पत्र लिहिले. अमरत्व मी मानत नाही आणि नाकारतही नाही. मानण्यास कारण दिसत नाही, खोडण्यास साधन नाही. बायको, मूल, नाव, कीर्ती सारे गेले तरी खोटे बोलणार नाही, असे त्याने लिहिले. दफनाच्या वेळी उपाध्यायाने वाचलेल्या वचनाचा, मृतांचे पुनरुत्थान नसेल तर खा-प्यावे आणि मरावे या आशयाच्या वचनाचा, त्याला संताप आला होता. पिल्लू मारले तर माकडेसुद्धा शोक करतात, असे तो म्हणतो. आणि पत्नी सोडून इतक्या मोकळेपणाने आपण दुसऱ्या कोणाशीही बोललो नाही, हेही तो त्या पाद्र्याला सांगतो! किंग्स्ली रागावला नाही. १८७५ साली तो वारला, तोवर त्यांचा स्नेह टिकला.

येथे थोडे विषयांतर. हक्स्ले गेला २९ जून १८९५ रोजी. आमचे आगरकर त्याच्या बाराच दिवस आधी. आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. यातून काही सिद्ध होत नाही; फक्त ही नोंद आम्हांला राहवत नाही.

किंग्स्लीने आपली श्रद्धा लपवली नाही, हक्स्लेने आपली शंका. आम्ही मात्र आमची शंका लपवून बाहांची श्रद्धा उसनी घेतली आणि तीच त्यांना अहेर केली. त्या रात्री दुसरे पत्र लिहिले. चार मसुदे फाडले. तुमचा मुलगा पुन्हा कोणाला भेटेल असे आम्हांला वाटत नाही, हे वाक्य लिहिताना हात थांबला, पण लिहिले. त्याने आमच्या मुलीला उतारावर सायकल शिकवली होती, ब्रेक नसलेली, तेही लिहिले. तो गेल्यापासून ती सायकल आम्ही विकू शकलो नाही, हेही.

बाहांनी पत्र आमच्यासमोरच वाचले. दोनदा वाचले. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमच्याकडे माणूस गेला की तो ईश्वराच्या घरी क्वाय खायला गेला असे म्हणतात. मिशनरी येण्याच्या आधीपासून." थोड्या वेळाने सुपारीचा तुकडा आमच्यापुढे करून ते म्हणाले, "तिसऱ्या परिच्छेदातला तुमचा मुद्दा मात्र साफ चूक आहे. आधी तो मी तुमच्या शब्दांत सांगतो."