बचत कोणाच्या वाट्यातून?

२०२५ च्या रमजानात आम्ही नेहमीप्रमाणे जकातचा हिशोब करायला बसलो होतो. तराविह आटोपून घरी आलो, चहा झाला आणि वही उघडली. सोनं किती, बँकेत किती, कोणाकडून येणं किती, हे मांडता मांडता वर्षभराच्या खर्चाचं पानही समोर आलं. त्यात एक नोंद पुन्हा पुन्हा दिसत होती: रिचार्ज. कुतूहल म्हणून तेवढीच वेगळी काढली.

घरात आम्ही दोघं, अम्मी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आठवीतला मुलगा. मुलगा सोडून सगळ्यांकडे फोन. चार फोनांना प्रत्येकी २९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक. महिना म्हणता म्हणता तो वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो. म्हणजे १५,५४८ रुपये. वायफायचे महिना ५९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर्षाचे सुमारे ८,४८०. टीव्हीच्या छत्रीचे महिना साडेतीनशे, म्हणजे ४,२००. मुलांनी हट्टाने घेतलेलं सिनेमाचं ॲप १,४९९. एकूण जवळपास ३० हजार. त्या वर्षीच्या आमच्या जकातीच्या हा आकडा जवळजवळ दुप्पट होता. मुलांना आम्ही इस्राफचा अर्थ सांगत असतो, उष्टं टाकू नका, नळ वाहता ठेवू नका म्हणतो. आणि इथे आमच्याच वहीत हे.

खर्च वाढला कधी, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या लहानपणी कुवेतहून काकांचा आवाज कॅसेटमधून यायचा. गावी येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट सावंतवाडीला पोहोचायची आणि सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. पुढे एसटीडी-आयएसडी बूथ आले. काचेच्या खोलीत लाल आकडे पळायचे, आणि ते बघत माणसं दोन मिनिटांत महिन्याचं बोलणं संपवायची. मग २०१६ नंतर इंटरनेट इतकं स्वस्त झालं की हिशोब ठेवायची सवयच मोडली. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आम्ही चार दिवस कुरकुरलो आणि पुन्हा पॅक मारत राहिलो.

त्या रात्री एकच प्रश्न घेतला: कोणाला काय लागतं? शाळेत ऑनलाइन माहिती भरावी लागते, त्यामुळे एका फोनला बाहेरही इंटरनेट हवं. बाकी तिघींचा बहुतेक दिवस वायफाय असलेल्या घरात जातो. त्यांना रोजचा दीड जीबी कशासाठी? रात्री बारा वाजता तो न वापरताच संपायचा.

मोहल्ल्यातल्या रिचार्जवाल्याला विचारलं, तेव्हा नुसत्या कॉलचा पॅक मिळतो हे कळलं. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलले. फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येऊ लागली. आम्ही १,८४९ रुपयांचा वर्षभराचा पॅक घेतला. हे पॅक ॲपमध्ये पटकन नजरेला पडत नाहीत, मागावे लागतात.

तिघींचे मिळून ५,५४७ रुपये झाले. शाळेच्या फोनचे ३,८८७ तसेच राहिले. वायफाय ३९९ च्या योजनेवर आणलं. वेग कमी झाला, पण मुलीची लेक्चरं अडली नाहीत. टीव्हीला डीडी फ्री डिश बसवली. तिला एकदाच खर्च, मग महिन्याचं भाडं नाही. सिनेमाचं ॲप बंद केलं. वर्षाचा खर्च १५ हजारांच्या आसपास आला. निम्मा! आम्ही खूश झालो.

त्या खुशीतच आमच्या हातून एक चूक झाली. सगळंच सोपं करायचं म्हणून अम्मींचा स्मार्टफोन कपाटात ठेवला आणि त्यांना बटणांचा साधा फोन आणून दिला. कारणंही आमच्याकडे तयार होती. फसवणुकीचे फोन येतात, भलत्या लिंकवर बोट पडतं, या वयात कशाला ती कटकट? अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोन घेतला, चष्मा लावून आकडे बघितले आणि "बरां" म्हणाल्या.

दोन महिन्यांनी कुवेतला असलेल्या धाकट्या भावाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "भाईजान, अम्मी नाराज आहेत का?" त्याच्या मुलीचं पहिलं कुरआन पूर्ण झालं होतं. घरात छोटी दावत केली, मुलीने दादीला दाखवायला म्हणून शेवटच्या सूरा कॅमेऱ्यासमोर पढल्या. तो व्हिडिओ, फोटो, सगळं अम्मींच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. आठ दिवस एकच खूण. दादीने पाहिलंच नाही म्हणून पोरगी रडली.

आम्ही अम्मींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बघूक गावला असता तर बरा झाला असता." तेवढंच.

रात्री पुन्हा वही काढली. अम्मींचा स्मार्टफोन काढून घेतल्याने किती वाचले? एक रुपयाही नाही. कॉलचा पॅक दोन्ही फोनांना तोच. वायफाय घरात होतंच. उलट साधा फोन आणायला पैसे गेले होते. बचत पॅक बदलल्याने झाली होती. अम्मींकडून आम्ही काढून घेतली ती नातवंडं. आणि ते सुचलं त्यांच्याच बाबतीत, कारण त्या तक्रार करणार नव्हत्या. मुलीचा फोन काढून घ्यायला आम्ही धजलो नसतो. स्वतःचा तर विषयच आला नव्हता, आणि रात्री सगळ्यांत जास्त वेळ फोनमध्ये डोकं घालून बसणारे आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी स्मार्टफोन कपाटातून निघाला. सिमकार्ड साध्या फोनमध्येच ठेवलं. व्हॉट्सॲप एकदा त्या नंबरावर नोंदलं, आणि तेव्हा सिम दुसऱ्या फोनात असलं तरी ते घरच्या वायफायवर चाललं. पहिल्यांदा ओटीपी लागतो, तो साध्या फोनवर येतो. स्मार्टफोन स्टँडवर अम्मींच्या पलंगाजवळ असतो. त्यात बँकेचं काही नाही, म्हणून धास्ती कमी. तरी अनोळखी माणसाने पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा, हे मुलीने त्यांना शिकवलं. आणि फसवणूक झालीच तर लगेच लावायचा १९३० हा नंबर भिंतीवर लिहून ठेवला.

साधा फोन वाया गेला नाही. आमच्याकडे पावसात तासन्‌तास वीज जाते, वायफाय बंद पडतं. तेव्हा चार-चार दिवस चार्जिंग टिकणारा तोच कामाला येतो.

गैरसोय झाली नाही असं नाही. नुसत्या कॉलच्या पॅकवर बाजारात यूपीआय चालत नाही. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आहे, पण आमच्या घरात पाकिटात रोख ठेवायची जुनी सवय परत आली, आणि खर्चही थोडा आवरला. मुलगी नोट्स घरीच उतरवून घेते. धाकट्याला बालभारतीची पुस्तकं वायफायवर फुकट मिळतात, उर्दू माध्यमाचीसुद्धा.

आपल्या घरी हा हिशोब करायचा असेल तर आमचं एवढंच सांगणं. एका महिन्याचा नको, वर्षाचा आकडा काढा. २८ दिवसांचा पॅक तेराने गुणा. घरात वायफाय असेल तर कोणाला बाहेर इंटरनेट खरंच लागतं ते बघा. आणि कात्री लावण्याआधी घरातल्या सगळ्यांत गप्प माणसाला विचारा, तुम्हाला यातलं काय हवं आहे? काटकसर करताना त्याचा हक्क मारला जात नाही ना, हे पाहणंही हिशोबातच येतं.

आता दर जुम्याला असरनंतर कुवेतचा फोन येतो. अम्मी पाच मिनिटं आधीच ओढणी सारखी करून स्टँडसमोर बसतात. पोरीने त्या शेवटच्या सूरा दादीला पुन्हा पढून दाखवल्या. त्या वेळी आमचे फोन दुसऱ्या खोलीत होते.