दुरून जवळ

जवळ जायचे तर पाय उचलावे लागतात, हा नियम माणसाने पुष्कळ वर्षे निमूटपणे पाळला. मग झूमचे भिंग आले. १९५९ साली फ्रँक बॅक यांनी रचलेले ३६ ते ८२ मिलिमीटरचे ‘झूमार’ फोख्टलेंडर कंपनीने बाजारात आणले, आणि साधे फोटो काढणाऱ्यालाही जागचे न हलता जवळ जाण्याची सोय झाली. आमच्या बीडला या सोयीचे मोल फार. कंकालेश्वर पाण्याच्या मधोमध उभा; काठावर थांबून कडे फिरवावे, की भिंतीवरचे कोरीवकाम हाताशी येते.

माझे ७० ते ३०० चे भिंग मात्र एका बाबतीत हटवादी होते. ७० वर चित्र स्वच्छ, ३०० वर धूसर. देवळापुरते मी ते चालवून घेतले असते. देऊळ पुढच्या वर्षीही तिथेच असणार. माणसांचे तसे नसते.

शेजारच्या आजींचा मुलगा आणि सून म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत ‘एक कोयता’. दिवाळीनंतर टोळीबरोबर कोल्हापूरकडे जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. आजी नातवंडांना घेऊन मागे राहणार. मुलाला आईचा कागदावरचा फोटो बरोबर हवा होता. पण मोबाइल समोर धरला की आजी पदर तोंडावर ओढत. “काय करायचाय रं लेकरा म्हातारीचा फटू?” म्हणून मी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, ३०० वर, नकळत त्यांना टिपले. चित्रात पाठीमागच्या भिंतीचा पोपडा लख्ख, आणि आजी धुक्यात! ट्रक यायला चार दिवस होते.

तुम्ही म्हणाल, हात हलला असेल. म्हणून कॅमेरा तिपाईवर चढवला. पुढची काच काढून ठेवली, भिंगाचे पितळी टिकले कोरड्या मऊ फडक्याने पुसले. फरक नाही. मग ५ मीटरवर एक फूटपट्टी तिरपी ठेवली. नेम धरला ५ च्या आकड्यावर. ठळक उमटला २५ चा. आता कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तोच आकडा मोठा करून हाताने कडे फिरवले, तर ५ चा आकडा कोरल्यासारखा उमटला. भिंग निर्दोष होते. खोट होती ती मोजण्यात.

आरशाच्या कॅमेऱ्यात अंतर मोजणारा डोळा वेगळा आणि चित्र घेणारा वेगळा. दोघांत केसभर तफावत पडली की कॅमेरा आपल्या मते अचूक आणि आपल्या मते चुकीचा. ७० वर ही तफावत झाकून जाते, कारण तेवढ्या अंतरावर मीटरभर खोलीपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. ३०० वर ती खोली उरते सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे नाकापासून कानापर्यंतसुद्धा नाही. काही कॅमेऱ्यांत ही तफावत आकडे भरून दुरुस्त करता येते. माझ्यात ती सोय नाही. तेव्हा पडदा आणि हात हाच उपाय. त्यात आणखी एक पथ्य: फोटोच्या बहुतेक झूम भिंगांत कडे फिरवले की स्पष्टताही सरकते. म्हणून आधी जवळ आणावे, मग नजर ठरवावी. आणि हातानेही काही स्पष्ट येईना, तर आतली काच हललेली समजून भिंग कारागिराकडे न्यावे.

तिसऱ्या दिवशी आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचा डोळा मोठा केला, कडे तिळातिळाने फिरवले आणि वाट पाहिली. नातू काहीतरी बोलला, त्या हसल्या. कपाळावरचे गोंदण, गालावरच्या सुरकुत्या, पापणीचा केस न् केस आला.

गावातल्या दुकानातून दोन प्रती काढून आणल्या. मुलाने एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली ठेवली. दुसरी आजींनी हातात धरली, लांब केली, जवळ आणली, पुन्हा लांब केली. त्यांच्या डोळ्यांना ठरावीक अंतराशिवाय काही दिसत नाही. ते अंतर सापडल्यावर बराच वेळ त्या बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “ही तर माझी माय हाय.”