घबाड

“यू हॅव मेड अ किलिंग!” कचेरींतील एका मित्रानें माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलें, आणि मी क्षणभर दचकलों. इंग्रजी वाचनांत बरेंचसें आयुष्य गेलें असलें तरी हा वाक्प्रचार मला ठाऊक नव्हता. घरीं येऊन कोश उघडला. ‘थोड्या काळांत पुष्कळ नफा मिळविणें’ असा निरुपद्रवी अर्थ तेथें दिला होता. पण ‘किलिंग’ म्हणजे तर शिकार! मग सावज कोण?

आपल्याकडे अशा वेळीं ‘घबाड मिळालें’ म्हणतात. घबाड हा पंचांगांतील एक मुहूर्त. तो साधला कीं धन जणूं आभाळांतून पडतें. तें कोणाच्या खिशांतून निघालें, ही चौकशी त्या शब्दांत नाहीं. ज्याचें गेलें त्याच्या बाजूनें बोलावयाचें तेव्हां मात्र आपण ‘गळा कापला’ म्हणतों. एकाच व्यवहाराला दोन शब्द, आणि त्यांची गांठ आपण कधीं पडूं देत नाहीं. इंग्रजीनें घेणाऱ्याच्याच तोंडीं कबुली घातली आहे.

मुंबईनें असलें घबाड एकदां पाहिलें आहे. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाच्या त्या पुरांत बॅकबे कंपनीच्या पांच हजारांच्या शेअरची किंमत पन्नास हजारांच्या घरांत गेली. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि सारे भाव कोसळले. जो आधीं विकून मोकळा झाला त्याला घबाड लाभलें; पण त्याचा शेअर शेवटीं कोणाच्या तरी हातांत नुसता कागद होऊन राहिलाच कीं!

पण मुंबईचा इतिहास मी कशाला उगाळतों? मित्राच्या शाबासकीचें कारण एक जमिनीचा तुकडा होता. शेजारच्या एका गृहस्थांना मुलीच्या औषधपाण्यासाठीं पैशाची निकड होती. त्यांचा तुकडा त्यांनींच सांगितलेल्या किमतीला मीं घेतला. तेथून मोठा रस्ता जाणार असल्याची कुणकुण मला होती, त्यांना नव्हती. आठ महिन्यांनीं मीं तो तिप्पट किमतीला विकला. कायद्यानें माझें कांहींच चुकलें नव्हतें. घासाघीस केली नाहीं, याचा तर मला अभिमान वाटत होता!

परवां ते वाटेंत भेटले. मुलगी बरी आहे, म्हणाले. मग हंसून, मनांत कांहीं न ठेवतां म्हणाले, “तुम्हांला तर घबाडच मिळालें हो!”

मीही हंसलों. पण त्या नफ्यांत त्यांचा वाटा किती, याचा हिशेब तेव्हांपासून मांडतों आहें, आणि तो अजून पुरा होत नाहीं.